सगळे म्हणतात दृष्टिकोन बदल, पण म्हणजे नेमकं करायचं काय?

पत्र असं आहे (थोडं कमी करून देतेय):

"ताई, पुराला आता पाच महिने होतील. त्या रात्री दहाच्या सुमारास नवरा म्हणाला होता निघूया का, आणि मीच म्हटलं थांबा जरा, दर पावसात पायरीपर्यंत येतं आणि उतरतं. दोन वाजता पाणी घरात. सासूबाईंना नवऱ्याने पाठीवर घेतलं, मी मुलाला धरलं, अंधारात कसेबसे शेजारच्यांच्या गच्चीवर गेलो. आम्ही सगळे वाचलो. पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा वाचले नाहीत. घर आता धुऊन पुसून झालंय पण भिंतीवर पाण्याचा पट्टा तसाच आहे. मुलगा ९ वर्षांचा आहे, तो रोज त्या पट्ट्याशेजारी उभा राहून बघतो की पाणी आपल्या डोक्याच्या वर होतं का. मला बघवत नाही, मी ओढून नेते त्याला. पाऊस वाजायला लागला की मी उठून बसते, जमिनीला हात लावून बघते. माझ्या आईच्या हातची एक वही होती, ती गेली. आई तर आधीच गेलीय. वहीसाठी रडले तर सगळे म्हणतात लोकांची माणसं गेली आणि तू वहीचं काय घेऊन बसलीस, जरा दृष्टिकोन बदल, पॉझिटिव्ह बघ. मी प्रयत्न करते पण होत नाही. नवरा त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलत नाही. दृष्टिकोन बदलणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं? आणि मी रात्री लाइट चालू ठेवून झोपते, हे काही वेगळं लक्षण आहे का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल."

अगं, आधी वहीचं बोलू, कारण तुला सगळ्यात जास्त गप्प तिथेच बसवलंय.

आईचं अक्षर होतं ते. कपाट परत घेता येतं, गादी परत घेता येते, पण कुठल्या शब्दाखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या, कुठे पेन अडकलं म्हणून तेच अक्षर परत गिरवलं होतं, ते आता कुठूनही आणता येणार नाही. तुझ्यासाठी आई त्या पाण्यात दुसऱ्यांदा गेली, मग रडू येणार नाही तर काय होणार. पलीकडच्या गल्लीत माणूस गेलं हे त्या घराचं दुःख, ते खूप मोठं आहेच, पण त्यामुळे तुझं खोटं ठरत नाही. तराजूत घालून एकाचं दुःख दुसऱ्याने कमी होत असतं तर जगात एकच माणूस रडला असता, ज्याचं सगळ्यात जास्त गेलंय तो. तुला असं बोलणारे लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, त्यांना तुझं रडणं सहन होत नाही म्हणून ते झटपट थांबवायला बघतात. माझ्या घराचं छप्पर एकदा वादळात उडालं होतं तेव्हा मलाही येणारा प्रत्येक माणूस हेच सांगून जायचा की जीव वाचला ना, मग झालं, आणि मी मान हलवायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचे. म्हणून हे मनापासून सांगते, याला दृष्टिकोन बदलणं म्हणत नाहीत, याला तोंड दाबणं म्हणतात. आणि दाबून काही कमी होत नाही. जेम्स ग्रॉस नावाचे मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून यावर काम करतायत, त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की त्रास देणारी दृश्यं बघताना चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही असं सांगितलेल्या लोकांना आतून तेवढंच वाईट वाटत होतं, वर शरीरावर ताणाच्या खुणा जास्त दिसत होत्या. पाच महिने तू तेच करतेयस. होत नाही म्हणतेस ते बरोबरच आहे, ते कुणालाच होत नाही.

मग दृष्टिकोन बदलणं म्हणजे काय, तर उभं राहायची जागा बदलणं, एवढंच. जे झालं ते तेच राहतं, वाईट होतं ते वाईटच म्हणायचं, फक्त बघायची जागा हलवायची. तू आत्ता कुठे उभी आहेस सांगू? रात्री दोन वाजता, गुडघाभर पाण्यात, मुलाचा हात धरून. पाच महिने तिथेच उभी आहेस आणि तिथूनच सगळं बघतेयस, दहा वाजताचं बोलणं तिथून, आजचा पाऊस तिथून, मुलगा भिंतीजवळ उभा राहतो तेही तिथून, त्यामुळे सगळंच बुडणारं दिसतं. तिथून थोडं बाजूला कसं यायचं हे शिकता येतं, पण ते एका दिवसात होत नाही आणि कुणी हुकूम सोडल्याने तर अजिबातच होत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट, हे कुणी सांगतच नाही. सगळ्याच गोष्टींकडे दृष्टिकोन बदलून बघायचं नसतं. २०१३ मध्ये अ‍ॅलिसन ट्रॉय आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला, त्यात दिसलं की जो ताण आपल्या हातात नाही तिथे वेगळ्या नजरेने बघता येणाऱ्या लोकांना नैराश्य कमी होतं, पण जो ताण आपण काहीतरी करून दूर करू शकतो तिथे हेच कौशल्य उलटं पडत होतं, म्हणजे नैराश्य जास्त. मला तर हे एकदम पटतं. भिंतीला ओल आली असेल तर तिच्याकडे शांतपणे बघत बसायचं नाही, माणूस बोलवायचा. नुकसानभरपाईचे कागद अडकले असतील तर ते पॉझिटिव्ह विचाराने सुटत नाहीत, तिथे खेटे घालायचे, चिडायचं असेल तर चिडायचं. त्या रागाला कुणी दृष्टिकोनाचा उपदेश केला तर ऐकू नकोस. जी रात्र होऊन गेली, जी वही गेली, आकाशातून पडणारा पाऊस, या गोष्टी तुझ्या हातात नाहीत, जागा बदलायची ती यांच्या बाबतीत.

आणि हातातल्या गोष्टींमधली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पुढच्या वेळचा नियम, तो आत्ता, भर दुपारी, कोरड्यात बसून ठरवा. पाणी अमुक पायरीला लागलं की निघायचं, मग ते उतरेल का वाढेल ही चर्चाच नाही, कुणी सासूबाईंना धरायचं, कुणी मुलाला, कागदपत्रं आणि औषधांची पिशवी कुठे टांगलेली असेल, जायचं कुठे. लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि सरकारी यंत्रणेने निघा म्हटलं तर पायरीचीही वाट बघायची नाही. तू रात्री उठून बसतेस कारण घरात पहारा देणारं दुसरं कुणी नाहीये असं तुझ्या मनाला वाटतं. नियम भिंतीवर लागला की थोडा पहारा तो कागद देईल.

आता दहा वाजताचं. मला वाटतं तुझ्या पत्रातला खरा काटा हाच आहे, तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले होते.

एखादी गोष्ट घडून गेली की ती आधीपासून स्पष्टच होती असं वाटायला लागतं, हे माणसाच्या डोक्याचं असंच आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं, लोकांना एका जुन्या घटनेची माहिती दिली, काहींना शेवट सांगितला काहींना नाही, तर ज्यांना शेवट माहीत होता त्यांना वाटलं की हे तर असंच होणार होतं, आणि शेवट माहीत झाल्यामुळे आपल्याला तसं वाटतंय हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. तुझं हेच झालंय. दोन वाजता जे कळलं ते घेऊन तू दहा वाजताच्या बाईला शिक्षा करतेयस, पण त्या बाईकडे ती माहिती नव्हतीच ना गं.

म्हणून एक काम कर. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मार. डावीकडे लिही दहा वाजता मला काय माहीत होतं. फक्त तेवढंच, प्रामाणिकपणे. पाऊस किती होता, पाणी कुठवर होतं, आधीच्या पावसांत कुठवर येऊन उतरलं होतं, कुणी निघा म्हणून सांगायला आलं होतं का, शेजारी निघाले होते का, सासूबाईंना अंधारात पावसात बाहेर काढणं सोपं होतं का. उजवीकडे लिही नंतर काय कळलं. लिहिताना तुझा हात सारखा चुकेल बघ, उजवीकडची गोष्ट डावीकडे लिहिली जाईल, "पाणी वाढणार होतं" असं डावीकडे लिहिशील, मग ते खोडून उजवीकडे ने. हे खोडणं आणि नेणं हेच खरं काम आहे, त्यात वेळ जाऊ दे, दोन-तीन दिवस लागले तरी चालेल. झालं की फक्त डावी बाजू वाच आणि स्वतःला विचार, एवढीच माहिती असलेली माझी सख्खी बहीण थांबा म्हणाली असती तर मी तिला काय म्हटलं असतं.

मी असं म्हणत नाहीये की तुझं काहीच चुकलं नाही. दहा वाजता निघाला असतात तर बरं झालं असतं हे आज आपल्याला माहीत आहे, आणि ते आज कळलंय म्हणूनच दाराच्या आत तो पायरीचा नियम लागणार आहे. चुकीतून जे काही शिकायचं होतं ते त्या कागदात आलं, त्याच्या वरचं ओझं रोज रात्री उचलायची गरज नाही.

अजून एक, जरा थांबून विचार कर. नवऱ्याने विचारलं, तू थांबा म्हणालीस, आणि तो थांबला. त्या निर्णयात तोही तुझ्यासोबत होता ना. तो बोलत नाही म्हणून तुला वाटत असेल की तो मनातून तुला दोष देतोय, पण मला राहून राहून वाटतं की तो कदाचित स्वतःला दोष देतोय, की मला वाटत होतं तर मी जोर का केला नाही, मी का ऐकलं. मी त्याला ओळखत नाही त्यामुळे हे चूक असू शकतं. पण एकाच घरात दोन माणसं एकाच वाक्याचं ओझं वेगवेगळं वाहतायत असं फार वेळा असतं. त्याला त्या रात्रीबद्दल बोल म्हणून खणू नकोस. जबरदस्तीने बोलायला लावणं चांगलं नसतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शनातही हेच आहे की ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, बोलायला भाग पाडू नका. तू फक्त तुझं सांग, तुझा डाव्या बाजूचा कागद त्याला वाचायला दे आणि म्हण, यात काही राहिलं असेल तर लिहा. समोरासमोर बसून नको, काहीतरी काम करता करता, त्याची नजर दुसरीकडे असताना.

आता पावसाचं. हे डोक्याने समजावून जात नाही, कारण पाऊस वाजला की आधी शरीर उठतं, विचार मागून येतो. त्या रात्री पावसाचा आवाज, अंधार, ओल्या मातीचा वास आणि जिवाची भीती हे सगळं मेंदूने एका गाठीत बांधून ठेवलंय, आता त्यातलं एक टोक ओढलं की अख्खी गाठ येते. तू वेडी झालेली नाहीस, तुझा धोक्याचा भोंगा एकदा खरा वाजला होता आणि आता तो प्रत्येक थेंबाला वाजतो.

याच्यावर थेरपिस्ट लोक एक साधी पद्धत शिकवतात, तेव्हा आणि आता यातला फरक शोधायचा. मेंदू सारखेपणा शोधत असतो, आपण मुद्दाम वेगळेपणा शोधायचा. तेव्हा लाइट गेले होते, आता चालू आहेत. तेव्हा मुलगा ओरडत होता, आता घोरतोय. तेव्हा पायाखाली पाणी होतं, आता कोरडी फरशी. आणि गंमत बघ, तू जमिनीला हात लावतेस ना, ते तू स्वतःच शोधून काढलंयस, फक्त ते अर्ध्यावर सोडतेस. हात लावतेस, कोरडी लागते, पण ते मनाला पोचायच्या आत परत भीती सुरू. म्हणून पुढच्या वेळी हात लावलास की तिथेच ठेव. तळवा पूर्ण टेकव. गार आहे, कोरडी आहे, गुळगुळीत आहे, हे तोंडाने म्हण, हळू आवाजात पण म्हण. मग आजचा वार आणि महिना म्हण. मग श्वास, आत घेतेस त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे, असं सात-आठ वेळा. आणि मग हात उचल. परत परत हात लावत बसू नकोस, एका उठण्याला एकदाच, नाहीतर तपासणं हीच नवी सवय लागते आणि ती भीतीला खतपाणी घालते. रात्रीच पहिल्यांदा करून बघितलंस तर जमणार नाही, आधी दिवसा कर. दुपारी हलका पाऊस आला की खिडकीशी पाच मिनिटं उभी राहा आणि फरक मोज. आधी पाच, मग दहा. मेंदूला पावसाची नवी आठवण द्यावी लागते, आणि ती पाऊस पडत असतानाच देता येते.

बाकीचा वेळ डोक्यात जे चालू असतं त्याचं काय, म्हणजे भांडी घासताना, बसमध्ये, का थांबलो, का थांबलो, का थांबलो. याला आपण उगाळणं म्हणतो. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी योगायोगाने त्याच्या १४ दिवस आधीच स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं की मन उदास झालं की तुम्ही काय करता. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि ७ आठवड्यांनी परत त्याच मुलांना गाठलं, तर आधीपासून ज्यांना उगाळायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त होती. असं आधीचं मोजमाप हाताशी असणं फार दुर्मीळ असतं गं, आपत्ती काही सांगून येत नाही.

मग विचार करायचाच नाही का? तसं नाही, पण त्यालाही जागा आणि वेळ द्यायची, आणि कागदावर करायचा. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून उठल्यावर त्यांना आधी वाईटच वाटायचं, हे तुला आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस, पण पुढच्या महिन्यांत त्या लोकांचं आजारपणासाठी दवाखान्यात जाणं कमी झालं होतं. नंतर अशा लिखाणांतले शब्द मोजले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या, ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक "त्यामुळे", "आता कळतंय" असे शब्द वाढत गेले होते, आणि त्यांची सर्वनामं बदलत होती, म्हणजे एक दिवस सगळं मी, मी, मी, दुसऱ्या दिवशी तो, ती, ते लोक, मग परत मी. म्हणजे माणूस लिहिता लिहिता उभं राहायची जागा बदलत होता. मला ही गोष्ट फार आवडते कारण हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं.

तू पहिल्या दिवशी मी म्हणून लिही. दुसऱ्या दिवशी तीच रात्र "ती" म्हणून लिही, स्वतःचं नाव घेऊन लिहिलंस तरी चालेल. ती दहा वाजता दारात उभी होती. तिला वाटलं पाणी उतरेल. दोन वाजता तिने अंधारात मुलाचं मनगट धरलं आणि गच्चीवर पोचेपर्यंत सोडलं नाही. बघ, वाचताना वेगळं वाटतं की नाही? मी लिहिताना त्या बाईबद्दल मला आदर वाटायला लागला. तिसऱ्या दिवशी तुझ्या मुलाच्या नजरेतून लिही किंवा सासूबाईंच्या. चौथ्या दिवशी पाच वर्षांनंतरच्या तुझ्याकडून, ती तुला काय लिहील. कुठल्याही दिवशी लिहिताना ती रात्र अंगावर धावून आल्यासारखी झाली, हात कापायला लागले, तर थांब, कागद बंद कर, पाय जमिनीवर टेकव, उरलेलं थेरपिस्टसमोर करायचं काम आहे ते, एकटीने नको.

आणि एक वेगळी वही कर, तिला या चार दिवसांशी जोडू नकोस. आईच्या वहीतलं जे जे आठवतं ते लिहून ठेव. अर्धवट ओळी चालतील. ती कुठलं अक्षर कसं काढायची ते काढून बघ, तुझ्या हाताला आठवत असेल. नातेवाइकांना विचार, कुणाकडे तिचं एखादं जुनं पत्र, पाकिटावर लिहिलेला पत्ता असेल, फोटो काढून मागव. यातून ती वही परत येत नाही, पण त्या वहीसाठी रडायला तुला एक जागा मिळेल जिथे कुणी येऊन तुलना करणार नाही.

मुलाचं. त्याला ओढून नेऊ नकोस. तो भीतीशी खेळत नाहीये, तो मोजतोय. त्याला समजून घ्यायचंय की नेमकं किती झालं होतं, आणि ९ वर्षांच्या मुलाकडे मोजपट्टी एकच असते, स्वतःची उंची. तू ओढून नेलंस की त्याला कळतं की तो पट्टा इतका भयंकर आहे की आईसुद्धा बघू शकत नाही. त्याच्या शेजारी खाली बस आणि विचार, तुला काय वाटतं बघून. तो म्हणाला मी बुडालो असतो का, तर खोटं बोलू नकोस, सरळ सांग की पाणी इथवर आलं होतं, तुझ्या डोक्याच्या वर, पण ते इथे आलं तेव्हा तू इथे नव्हतास, गच्चीवर होतास, माझा हात धरून. त्याला हे पंधरा वेळा विचारायचं असेल, पंधरा वेळा तेच उत्तर दे. आणि मग त्याला पेन्सिल देऊन त्याची आजची उंची तिथेच भिंतीवर काढायला सांग, तारीख घालून. पट्टा रंगवायचा का ठेवायचा हे नंतर त्यालाही विचारून ठरवा, घाई काहीच नाही.

आपत्तीतून माणूस मोठा होतो, कणखर होतो, असं तुला कुणी ऐकवलं असेल. होतं तसं काही जणांचं, टेडेस्की आणि काल्हून यांनी १९९० च्या दशकात त्याच्यावर बरंच काम केलं, पण तेही हेच सांगतात की ती वाढ दुःखाच्या जागी येत नाही, दोन्ही बरोबर असतात, आणि आपत्ती आली ते बरंच झालं असा त्याचा अर्थ कधीच नाही. तुझ्यावर अशी काही वाढ दाखवायची सक्ती नाही. तू पूर्वीसारखी झोपायला लागलीस तरी मला पुरे आहे.

आता डॉक्टरचं, आणि हे मी हक्काने सांगतेय. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, तीच दृश्यं दिसणं हे जवळपास सगळ्यांचं होतं आणि बहुतेकांचं हळूहळू आपोआप ओसरतं. पण लक्षणं महिन्याच्या वर राहिली आणि रोजच्या जगण्यात आड यायला लागली तर पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, आहे का हे तपासून घ्यायला लागतं, तुझे तर पाच महिने होत आलेत. आहेच असं मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि सांगणार नाही, पण तपासून घे. यावर चांगले उपचार आहेत, ट्रॉमावरची म्हणजे आघातावरची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणीवर काम करणारी) या दोन्ही थेरपींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१३ मध्ये केलीय. जाताना त्यांना हेच सांग, पाऊस, जमिनीला हात, दहा वाजताचा विचार, आठवड्यातून किती रात्री. कुणाची उरलेली झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊ नकोस. आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं, तुला किंवा नवऱ्याला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

लाइटचं राहिलं. काहीही वेगळं नाही त्यात, त्या रात्री अंधार होता म्हणून आता तुला उजेड हवाय. ठेव चालू. जमिनीला हात लावशील तेव्हा फरशी डोळ्यांनाही कोरडी दिसेल. डोळ्यावर फार येत असेल तर एक छोटा दिवा खाली, फरशीजवळ लाव.